किमान वेतन वाढवायचं, पण नेमकं काय वाढवायचं? (नागपूर)

हिशेबनीस
दुकाने व व्यापारी आस्थापनांसाठीचे किमान वेतनाचे मूळ दर २४ जुलै २०१९ च्या अधिसूचनेत ठरले. परिमंडळ १ (दरांसाठी पाडलेला भौगोलिक विभाग) साठी कुशल ११,६३२, अर्धकुशल १०,८५६ आणि अकुशल १०,०२१ रुपये. महापालिका हद्द असल्यामुळे नागपूर मुंबई-पुण्याच्याच परिमंडळात येतं. या मूळ दरावर १ जानेवारी आणि १ जुलै अशा सहामाहीने विशेष भत्ता (महागाईपोटीचा) जाहीर होतो. मूळ दरांचा फेरविचार पाच वर्षांच्या आत व्हावा असं कायदा सांगतो, आणि २०१९ पासूनची पाच वर्षं जुलै २०२४ मध्येच भरली.

वाढ हवी आणि ती मूळ दरात हवी, असं माझं ठाम मत आहे. "विशेष भत्ता तर वाढतोच की" हे उत्तर पुरत नाही. हा भत्ता अकुशल आणि कुशल दोघांना सारख्याच रुपयांत मिळतो. २०१९ मध्ये कुशल कामगाराला अकुशलापेक्षा १,६११ रुपये, म्हणजे १६ टक्के जास्त होते. दोघांच्या पगारात ३,००० भत्ता मिळवा, तर १३,०२१ आणि १४,६३२ होतात, आणि फरक १२.४ टक्क्यांवर येतो. काम शिकलेल्या माणसाच्या कौशल्याची किंमत भत्त्यागणिक घटत जाते.

प्रश्न असा: वाढ किती हवी, कशाच्या आधारावर, आणि लहान मालकावर खरा भार किती पडतो? आकडे घेऊन बोलूया.

इतवारीकर
हिशेबनीस भाऊ, मुंबईचा दर नागपूरला काहून लावता? मुंबईत या पैशात माणूस कामाला येतच नाही, तिथे बाजारभावच त्याच्या वर आहे. त्यामुळे किमान वेतन कितीही वाढलं तरी तिथल्या दुकानदाराला फरक पडत नाही. इतवारी, गांधीबाग, महाल इथे तोच दर थेट अंगावर येते. घरभाडं वेगळं, गिऱ्हाईक वेगळं, नफा वेगळा, मग दर एकच काहून? नागपूर, अमरावती, अकोल्यासाठी वेगळं परिमंडळ करा आणि दर त्या हिशेबानं खाली आणा. नाही तर कारखाने मध्य प्रदेशात सौंसरजवळच्या बोरगावला जातील, ते काही फार दूर नाही.

वर्धारोड
वाचतोय. चांगला धागा.

विदर्भकन्या
इतवारीकर काका, दर खाली आणायची वाट कायद्यानेच बंद केली आहे. वेतन संहिता २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या कलम ९ नुसार केंद्र तळवेतन ठरवणार, राज्याचा दर त्याच्याखाली जाणार नाही, आणि राज्याचा आधीचा दर त्याहून जास्त असेल तर तो कमी करता येणार नाही. जुन्या कायद्याखालच्या अधिसूचना संहितेशी विसंगत नसतील तोवर चालू राहतात (कलम ६९). म्हणून चर्चा "वाढ किती आणि कशी" एवढ्यापुरतीच उरते.

परिमंडळातल्या फरकाकडे बघा. अकुशलासाठी परिमंडळ १ मध्ये १०,०२१, परिमंडळ २ मध्ये ९,४२५ आणि ३ मध्ये ८,८२८. १ आणि २ मधला फरक ५९६ रुपये, म्हणजे २६ दिवसांच्या हिशेबाने दिवसाला २३ रुपये. एवढ्यासाठी कोणी कारखाना उचलून बोरगावला नेत नाही. कारखाना हलतो तो विजेचा दर, जमीन आणि करसवलत पाहून.

हिंगणा_रोड
परिमंडळाबद्दल एक सूचना. हिंगणा एमआयडीसीत काम करणारे बरेच जण स्वतःला "नागपूर" समजतात, पण वाडी आणि वानाडोंगरी या वेगळ्या नगरपरिषदा आहेत, बुटीबोरीचीही वेगळी आहे. शिवाय प्रत्येक उद्योगाच्या अधिसूचनेत परिमंडळाची व्याख्या स्वतंत्र दिलेली असते. दुकानांची व्याख्या इंजिनिअरिंगला लावून चालत नाही. आधी आपला अनुसूचित (कायद्याच्या यादीतला) उद्योग कोणता ते पाहा, मग त्याच अधिसूचनेतलं परिमंडळ, मग वर्गवारी. या क्रमात चूक झाली की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

सावजी_रस्सा
भोजनालयाचा हिशेब मांडतो. आठ माणसं, प्रत्येकाला २,००० वाढ. त्यावर मालकाचा पीएफ प्रशासकीय खर्च आणि विम्यासह १३ टक्के, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) ३.२५, बोनस ८.३३, ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१. मिळून २९.३९ टक्के. म्हणजे महिन्याला २०,७०२ रुपये जास्तीचे. दिवसाला १५० ताटं आणि २६ दिवस धरले तर ३,९०० ताटं. ताटामागे ५ रुपये ३१ पैसे. एवढी भाववाढ गिऱ्हाईक सोसते, तेल महागलं तेव्हा सोसलीच नं. पण दिवसाला ६० ताटंच जात असतील तर तोच आकडा १३ रुपयांच्या वर जाते, तिथे मात्र विचार करावा लागते.

सीए_लक्ष्मीनगर
सावजी भाऊ, आठ माणसांच्या आस्थापनेला यातलं वरचं काहीच लागू होत नाही. ईएसआय आणि ग्रॅच्युइटी दहा माणसांपासून, पीएफ वीस माणसांपासून, आणि बोनसही आठ माणसांवर नाही. तुमच्या उदाहरणात भार नुसता १६,००० रुपये, म्हणजे ताटामागे ४ रुपये १० पैसे. आणखी एक गोष्ट, हॉटेल-खाणावळींची अधिसूचना दुकानांपेक्षा वेगळी आहे, दर तिथला पाहायचा.

मालकाला खरा धक्का बसतो तो या उंबरठ्यांवर. हिशेबाला सोपं म्हणून सगळ्यांचा पगार १३,००० धरा. दहावा माणूस घेतला की दहाही जणांवर ईएसआय लागतो: १,३०,००० वर ३.२५ टक्के, म्हणजे ४,२२५ रुपये. विसावा माणूस घेतला की २,६०,००० वर १३ टक्के पीएफ: ३३,८०० रुपये. एका माणसामागे एवढी उडी, शिवाय त्याचा पगार वेगळा. आणि एकदा पीएफ लागू झाला की पुढे माणसं कमी झाली तरी तो सुटत नाही. म्हणून हजेरीपटावर नऊ किंवा एकोणीस नावं आणि बाकीचे "रोजीवर" असा प्रकार दिसतो. माणसं वाढवायला मालक कचरतो ते बहुतेक वेळा या उडीमुळे. ती किमान वेतनाच्या नावावर खपवली जाते.

मात्र किमान वेतनाला असा उंबरठा नाही. दुकानात एकच माणूस असला तरी तो लागू आहे. "आमच्याकडे दहा माणसं नाहीत, आम्हाला लागू नाही" ही दुकाने अधिनियम २०१७ च्या नोंदणीशी केलेली गल्लत आहे. त्या कायद्याची माणसांच्या संख्येची अट इकडे आणू नका.

सावजी_रस्सा
@सीए_लक्ष्मीनगर, हा फरक कामाचा आहे. मग तर लहान भोजनालयाला वाढ आणखीच सोपी जाते. कामगाराच्या हातात १३,००० तले किती पडते तेही सांगून टाका, लोकांना ते माहीत नसते.

सीए_लक्ष्मीनगर
पीएफ आणि ईएसआय लागू असलेल्या ठिकाणी: पीएफ १,५६०, ईएसआय ०.७५ टक्क्याने ९८, व्यवसाय कर २००. हातात ११,१४२. स्त्री कामगाराला २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, त्यामुळे तिच्या हातात ११,३४२. बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअरमध्ये ही नोंद बदललेली नसते आणि बायकांचेही २०० कापले जातात. पगारपत्रक तपासा. मालकाला हाच माणूस सगळी तरतूद धरून १६,८२१ ला पडतो.

कामगारमित्र
इतका वेळ दरावर बोलणं चाललं आहे, आणि नागपुरातली सगळ्यात मोठी तूट अजून कोणी मांडलीच नाही. ती तासांत आहे.

किमान वेतन आठ तासांच्या दिवसाचं असतं. त्यापुढच्या कामाला दुप्पट दर. १३,००० भागिले २६ म्हणजे दिवसाला ५००. तासाला ६२ रुपये ५० पैसे, जादा तासाला १२५. सिक्युरिटी गार्ड, पेट्रोल पंप, कपड्याचं दुकान, गोदाम, सगळीकडे "ड्युटी बारा तासांची" असं सहज म्हटलं जातं. चार जादा तास गुणिले १२५ बरोबर ५००. म्हणजे बारा तासांच्या दिवसाची कायदेशीर मजुरी १,००० आणि २६ दिवसांची २६,०००. जादा चार तास दुप्पट दराने आठ तासांएवढेच होतात, त्यामुळे दर काहीही असो, बारा तासांची ड्युटी म्हणजे बरोबर दोन पगार.

आता बारा तास घेऊन १३,००० देणारा मालक कागदावर किमान वेतन देतो, पण प्रत्यक्षात तासाला ४१ रुपये ६७ पैसेच पडतात. किमान वेतन उद्या ५० टक्क्यांनी वाढवलं तरी हा माणूस आजच्या कायदेशीर दराच्या खालीच राहील. गार्डला साप्ताहिक सुटी न देता तीसही दिवस उभं करतात, ते आणखी वेगळं. आपल्याकडे मागणीपत्रात पहिल्या ओळीत रक्कम असते आणि तासांचं नाव नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

इतवारीकर
दुकान सकाळी दहाला उघडते, रात्री नऊला बंद होते. पण पोऱ्या अकरा तास राबत नाही नं राजेहो. दुपारी दोन ते पाच गिऱ्हाईकच नसते, बसून राहते. त्या तीन तासांचे दुप्पट पैसे कसे द्यायचे?

कामगारमित्र
दादा, तो तिथे तुमच्या सांगण्यावरून बसला आहे, घरी जाऊ शकत नाही, म्हणून तो वेळ कामाचाच. काम देता आलं नाही तरी दिवसाचं पूर्ण वेतन द्यावं लागतं, ते जुन्या कायद्यातही होतं आणि संहितेच्या कलम १० मध्येही आहे. दुकान अकरा तास चालवायचं तर पाळ्या करा. चार माणसं असतील तर दोघं १० ते ६, दोघं १ ते ९. दुपारी १ ते ६ चौघंही हजर, म्हणजे माल लावणं, हिशेब, पार्सल ही कामं तेव्हा उरकतात. सकाळी आणि रात्री दोघं पुरतात. जादा तासांचा प्रश्नच येत नाही.

बुटीबोरी_पाळी
तुकड्यावरच्या कामात हीच तूट निराळ्या वाटेने येते. समजा दिवसाचा दर ५०० आहे आणि सरासरी कारागीर आठ तासांत २० नग शिवतो. मग नगाचा दर २५ हवा. मालक "हुशार माणूस ३० शिवतो" म्हणून ३० प्रमाण धरतो आणि १६ रुपये ६७ पैसे लावतो. सरासरी कारागिराला दिवसाचे ३३३ मिळतात. बिडी, पॅकिंग, शिलाई या सगळ्यांत भांडण रुपयांवर होतं, पण सगळी मेख त्या प्रमाणात असते. सुई तुटली, वीज गेली, कच्चा माल उशिरा आला, तो वेळ कोणाच्या खात्यात धरायचा हेही आधीच लिहून घ्यावं.

अजनी_यार्ड
त्याच शहरातला दुसरा दर सांगतो. रेल्वे, खाणी अशा केंद्राच्या अखत्यारीतल्या कामांना केंद्राचा दर लागतो. 'अ' क्षेत्रात नागपूर आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे बांधकाम, सफाई, माल चढवणं-उतरवणं यांत अकुशलाला दिवसाला ७८३, म्हणजे महिन्याला २०,३५८ ठरले होते. अर्धकुशल ८६८, कुशल ९५४, अतिकुशल १,०३५. स्टेशनच्या आत झाडू मारणाऱ्याचा तेव्हाचा कायदेशीर दर हा, आणि बाहेर समोरच्या दुकानात झाडू मारणाऱ्याचा १०,०२१ अधिक भत्ता. काम एक, घरभाडं एक, भाजीबाजार एक.

हिशेबनीस
@अजनी_यार्ड, तुमच्या आकड्यांत आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. केंद्राचा २०१७ चा मूळ दर अकुशलाला ५२३ आणि कुशलाला ६३७ होता. ७८३ पर्यंत यायला २६० मिळाले, ९५४ पर्यंत यायला ३१७. दोन्हीकडे वाढ साधारण ५० टक्केच. म्हणजे केंद्राचा महागाई भत्ता दराच्या प्रमाणात वाढतो, राज्याचा सरसकट. त्यामुळे तिथे कौशल्याचा फरक टिकून राहतो. आपल्या मागणीत मूळ दर आणि प्रमाणशीर भत्ता दोन्ही हवेत.

इतवारीकर
केंद्राला सरकारी तिजोरी आहे बाप्पा. दुकानदाराची ऐपत कोण पाहणार?

विदर्भकन्या
किमान वेतन ठरवताना मालकाची ऐपत हा निकष नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने उन्निचोयी विरुद्ध केरळ या १९६१ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. ऐपतीचा विचार त्याच्या वरच्या पायरीवर, म्हणजे न्याय्य वेतनात येतो. १९८२ च्या एशियाड कामगारांच्या निकालात तर किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणं ही घटनेच्या अनुच्छेद २३ खालची वेठबिगारी ठरवली गेली. पण ऐपत निकष नसली तरी वाढ किती टप्प्यांत द्यावी यावर मालक बोलू शकतात, आणि तिथे इतवारीकर काकांचं म्हणणं ऐकायला हवं.

गणित_मास्तर
"किती वाढ" याचं उत्तर सूत्रातूनच निघतं. १९५७ च्या १५ व्या भारतीय श्रम परिषदेने निकष दिले: कमावता १, जोडीदार ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६, मिळून ३ उपभोग घटक. प्रत्येक घटकाला २,७०० कॅलरी. कुटुंबाला वर्षाला ७२ यार्ड, म्हणजे जवळपास ६६ मीटर कापड. इंधन, वीज आणि किरकोळ खर्चाला २० टक्के. शिक्षण, औषधपाणी वगैरेंसाठीचे २५ टक्के रॅप्टाकोस ब्रेट खटल्यात जोडले गेले. केंद्राच्या नियमांच्या मसुद्यात घरभाडं अन्न-कापडाच्या १० टक्के धरलं आहे.

अन्न आणि कापडाचा खर्च १०० धरा. भाडं धरून ११०. उरलेले २० आणि २५ टक्के हे एकूण वेतनाचे आहेत, म्हणजे ११० हे वेतनाच्या ५५ टक्के झाले. ११० भागिले ०.५५ बरोबर २००. वेतन म्हणजे अन्न-कापडाच्या बरोबर दुप्पट. चौघांच्या घरात किराणा, भाजी, दूध, कपडे मिळून ९,००० लागत असतील तर किमान वेतन १८,००० यायला हवं. आपापल्या वस्तीतले भाव घाला आणि पडताळा. भाड्याचे १० टक्के मात्र अगदीच तोकडे आहेत. ९,००० वर ९०० रुपये होतात, आणि तेवढ्यात नागपुरात चौघांना खोली मिळत नाही. हरकत घेताना यावर जोर द्या. म्हातारे आईवडील या तीन घटकांत धरलेलेच नाहीत, हेही लिहा.

२०१९ च्या सत्पथी समितीने ३.६ घटक धरले, पण कॅलरी २,४०० वर आणल्या. महाराष्ट्र ज्या गटात आहे त्याला तेव्हा दिवसाला ४१४ रुपये सुचवले होते. तेही २०१८ च्या भावाने.

वर्धारोड
उन्हाचा मुद्दा कोणी घेतला नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि टिनाच्या शेडमध्ये माणसं आठ तास काम करतात.

विदर्भकन्या
@वर्धारोड, अगदी मोक्याचा मुद्दा. संहितेच्या कलम ६ मध्ये दर ठरवताना कौशल्य आणि भौगोलिक क्षेत्राबरोबर कामाची खडतरता पाहायची सोय आहे, आणि त्यात सहन करायला कठीण तापमान आणि दमटपणा यांचा नावानिशी उल्लेख आहे. नागपूरला वेगळी वागणूक मागायचीच असेल तर ती या कलमाखाली मागा: वीटभट्टी, बांधकाम, फाउंड्री, कळमन्यातली हमाली यांना उन्हाळी महिन्यांची भर. वेगळं परिमंडळ मागण्यापेक्षा हे कितीतरी सयुक्तिक आहे.

ठेका_तपासनीस
दर कागदावर वाढून उपयोग नाही, ठेक्यात तो गळतो कुठे ते सांगतो. निविदेत मजुरी ठरलेली असते आणि ठेकेदार फक्त सेवा शुल्क भरतो. शुल्क शून्याच्या जवळपास भरून ठेका घेतला असेल तर नफा मजुरीतूनच निघणार हे उघड आहे. प्रकार ठरलेले: खात्यात पूर्ण रक्कम टाकून तीन-चार हजार रोख परत घेणं, एटीएम कार्ड ठेकेदाराकडे ठेवणं, २६ हजेऱ्यांच्या २१ करणं, मालकाचा पीएफचा हिस्साही कामगाराच्या पगारातून कापणं, गणवेशाचे पैसे दर सहामाहीला लावणं.

मूळ मालकाने (ठेका देणाऱ्याने) बिल मंजूर करण्याआधी तीन कागद मागावेत: यूएएन (कामगाराच्या पीएफ) क्रमांकांसह पीएफचं मासिक विवरण, ईएसआयचं चलन, बँकेची खातेनिहाय यादी. तिन्हींतली नावं आणि दिवस हजेरीपटाशी जुळवायचे. नावं जुळतात पण दिवस जुळत नाहीत, तिथेच चोरी सापडते. ठेकेदाराने वेतन बुडवलं तर जबाबदारी मूळ मालकावरही येते, त्यामुळे हे काम त्याच्याही हिताचं आहे.

नवा_सदस्य७२
तक्रार करायची असेल तर मुदत किती? आणि हजेरीचा पुरावा नसेल तर?

कामगारमित्र
जुन्या कायद्यात दाव्याला सहा महिने होते, संहितेत तीन वर्षं आहेत (कलम ४५). कामगार स्वतः, संघटना किंवा निरीक्षक अर्ज करू शकतात. फरकाची रक्कम आणि तिच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते. कलम ५९ नुसार पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची आहे. तरी स्वतःचा कागद ठेवा: एका वहीत रोज यायची-जायची वेळ, सोबतच्या दोघांची नावं, बँक पासबुक, गेटवरच्या नोंदीचा फोटो. अर्जात "पगार कमी मिळतो" एवढंच लिहू नका. महिना, मिळालेली रक्कम, देय दर, जादा तास, फरक असा तक्ता जोडा. राज्याच्या अखत्यारीतली तक्रार अपर कामगार आयुक्त कार्यालयात, रेल्वे-खाणींची केंद्रीय कामगार आयुक्तांकडे. चुकीच्या दारात अर्ज पडला की महिने वाया जातात.

दंड १९४८ च्या कायद्यात ५०० रुपयांपर्यंत होता, आता कमी वेतनासाठी ५०,००० पर्यंत आहे. मात्र खटल्याआधी मालकाला पूर्तता करायला संधी मिळते, त्यामुळे पहिल्या नोटिशीनंतरचे कागद जपा.

हिशेबनीस
मूळ प्रश्नाकडे येतो. नवा मसुदा राजपत्रात आला की हरकतींसाठी किमान दोन महिने मिळतात. त्या पत्रात काय हवं यावर इथे एकमत करूया का?

गणित_मास्तर
अधिसूचनेचा क्रमांक, तारीख, अनुसूचित उद्योग, कोणत्या तक्त्यातली कोणती रक्कम मान्य नाही आणि त्याऐवजी कोणती हवी, हे पहिल्या परिच्छेदात. पुढे हिशेब. भाव ऑनलाइन दुकानाचे नको, वस्तीतल्या किरकोळ दुकानांच्या पावत्या जोडा. श्रम ब्युरो नागपूर केंद्राचा औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक दर महिन्याला देतो, तो वापरा. इथे एक चूक हमखास होते. सप्टेंबर २०२० पासून निर्देशांक २०१६ पायाच्या मालिकेत आहे. जुन्या २००१ मालिकेशी तुलना करताना जोडगुणकाने गुणावं लागतं. अखिल भारतीय गुणक २.८८ आहे, पण प्रत्येक केंद्राचा स्वतंत्र असतो, नागपूरला नागपूरचाच लावा. न गुणता आकडा टाकला की महागाई कमी झाल्यासारखी दिसते आणि सगळं पत्र बाद होतं.

इतवारीकर
१८,००० एका झटक्यात मला मान्य नाही, हे मी शेवटपर्यंत म्हणीन. पण मूळ दर वाढावा, दोन टप्प्यांत वाढावा, पहिला अधिसूचनेच्या दिवशी आणि दुसरा वर्षभराने, एवढं असेल तर माझी हरकत नाही. आणि दहा-वीस माणसांच्या उडीबद्दल सीए साहेबांनी मांडलं ते व्यापाऱ्यांच्या पत्रात आलंच पाहिजे. ते आम्हाला खरं नडते.

विदर्भकन्या
काका, टप्प्यांची मागणी करताना दुसऱ्या टप्प्याची तारीख पत्रात लिहा, "कालांतराने" असा शब्द नको. पीएफ-ईएसआयचे उंबरठे केंद्राच्या कायद्यातले आहेत, त्यामुळे ते पत्र वेगळं आणि केंद्राच्या श्रम मंत्रालयाला. किमान वेतनाच्या हरकतीत ते घातलं तर कोणी वाचणार नाही.

कामगारमित्र
आणि कामगारांच्या पत्रात तासाचा दर स्वतंत्र स्तंभात छापायची मागणी घाला. महिना, दिवस, तास, जादा तास, असे चार स्तंभ. दुकानात दर्शनी लावायच्या फलकावरही हेच चार आकडे हवेत, म्हणजे बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाला स्वतःचा हिशेब तिथल्या तिथे करता येईल.

हिशेबनीस
मसुदा पत्र रविवारपर्यंत याच धाग्यावर टाकतो. अन्न-कापडाचा तक्ता गणित मास्तर, ठेक्याच्या तीन कागदांची कलमं ठेका तपासनीस, आणि उन्हाळी भरीचा परिच्छेद विदर्भकन्या ताई, एवढं करून द्याल का?